बिनतारी उपकरणांची शिदोरी – ७ : रेग्युलेटर किती खातो?

बॅटरी लवकर संपली की पहिला आळ येतो रेडिओवर. मागच्या भागात आपण शेतातल्या ओलावा-मापकाला ‘एसएक्स१२७६’ ही लोरा चिप जोडली. २० डीबीएमच्या पूर्ण ताकदीने संदेश पाठवताना ती १२० मिलिअँपिअर ओढते, हे डेटाशीटमध्ये वाचून कुणालाही धडकी भरेल. पण ओढते किती वेळ?

२० बाइटचा संदेश, स्प्रेडिंग फॅक्टर ७, बँडविड्थ १२५ किलोहर्ट्झ : हवेत जेमतेम ५७ मिलिसेकंद. दर पंधरा मिनिटांनी एक, म्हणजे दिवसाला ९६ संदेश. रेडिओचा रोजचा खर्च सुमारे ०.१८ एमएएच. बस्स.

आता त्याच बोर्डावरचा रेग्युलेटर बघा. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत मिळणाऱ्या बऱ्याच स्वस्त बोर्डांवर ‘एएमएस१११७’ असतो. तो नुसता चालू राहण्यासाठीच सुमारे ५ मिलिअँपिअर खातो. मायक्रोकंट्रोलर झोपला, रेडिओ झोपला, तरी हा चोवीस तास जागा. रोजचे १२० एमएएच! २६०० एमएएचचा १८६५० सेल तीन आठवड्यांत आडवा. संदेश लांब पोचावा म्हणून फॅक्टर १२ घेतला आणि हवेतला वेळ १.३ सेकंदांवर गेला, तरी रेडिओ दिवसाला सव्वाचार एमएएचच्या पुढे जात नाही.

शिवाय या रेग्युलेटरला आत-बाहेर साधारण एक व्होल्टचा फरक लागतो. लिथियम सेल काठोकाठ भरला तरी ४.२ व्होल्ट, त्यामुळे धड ३.३ व्होल्ट पहिल्या दिवसापासूनच मिळत नाहीत. यूएसबीच्या ५ व्होल्टवर हा भाग उत्तम चालतो. सेलवर तो दिसतो तो निव्वळ सवयीने. त्याजागी ‘एमसीपी१७००’ घ्या : स्वतःचा खर्च १.६ मायक्रोअँपिअर, आणि २५० मिलिअँपिअर देतानाही फरक ०.२ व्होल्टच्या आत. पायांची मांडणी मात्र वेगळी आहे, डेटाशीट उघडूनच सोल्डरिंगला बसा. हात लावलाच आहे तर बोर्डावरचा तो लाल एलईडीही काढून टाका. शेतात तो बघणार कोण?

बक कन्व्हर्टर का नको, असं कुणी विचारेल. ३.७ व्होल्टवरून ३.३ करताना साधा रेग्युलेटरही ८९ टक्के कार्यक्षम असतो. उरलेल्या अकरा टक्क्यांसाठी रेडिओशेजारी स्विचिंगचा गोंगाट आणून ठेवायचा का, हे प्रकरण पुढच्या आठवड्यात.

बदल केल्यावर झोपेतला करंट मोजायचा, आणि इथेच बरेच जण फसतात. मायक्रोअँपिअर रेंजवर अनेक मल्टिमीटरांचा आतला रोध शंभर ओहमच्या घरात असतो. ५ मायक्रोअँपिअरला त्याचं काही वाटत नाही. पण मायक्रोकंट्रोलर जागा होऊन १० मिलिअँपिअर मागतो तेव्हा एक व्होल्ट मीटरमध्येच अडकतो. बोर्ड रिसेट होतो, उठतो, पुन्हा रिसेट होतो, आणि शिव्या खातो प्रोग्राम. उपाय सोपा आहे : मीटरच्या दोन टोकांना समांतर एक स्विच लावा. बोर्ड सुरू होताना तो बंद, म्हणजे करंट मीटरला वळसा घालून जाईल. बोर्ड झोपला की स्विच उघडा, आकडा वाचा आणि पुढचा संदेश जायच्या आत पुन्हा बंद करा.