रूपवादी कलासमीक्षा : उदय, प्रभाव आणि मर्यादा

बीजसंज्ञा : रूपवाद, अर्थपूर्ण रूप, सौंदर्यभावना, माध्यमशुद्धता, कलेची स्वायत्तता

प्रस्तावना

नोव्हेंबर १८७८ मध्ये लंडनच्या न्यायालयात एक विलक्षण खटला चालला. जेम्स व्हिसलर या चित्रकाराने रात्रीच्या आकाशात विझत जाणाऱ्या शोभेच्या दारूचे चित्र रंगवले होते आणि त्याची किंमत २०० गिनी ठेवली होती. ख्यातनाम समीक्षक जॉन रस्किन यांनी १८७७ मध्ये त्या चित्रावर अत्यंत कठोर टीका केली. व्हिसलर यांनी बदनामीचा दावा लावला. ही किंमत दोन दिवसांच्या श्रमांची नसून आयुष्यभरात मिळवलेल्या जाणकारीची आहे, अशी त्यांची भूमिका होती. निकाल त्यांच्या बाजूने लागला. परंतु भरपाई म्हणून केवळ एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी, मंजूर झाली आणि १८७९ मध्ये ते दिवाळखोर झाले.

या खटल्यातील प्रश्न कायद्यापेक्षा व्यापक होता. चित्राचे मोल त्यात काय दाखवले आहे यावरून ठरवावे, की रंग, रेषा आणि आकार यांच्या संघटनेवरून? दुसऱ्या पर्यायाचा ठाम पुरस्कार करणारी विचारसरणी म्हणजे रूपवाद होय. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आधुनिक कलेच्या समीक्षेवर या विचाराचा सर्वाधिक प्रभाव राहिला. त्याचा उदय, त्याचे सामर्थ्य आणि त्यावरील आक्षेप यांचा परामर्श घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

वैचारिक पार्श्वभूमी

रूपवादाची तात्त्विक बीजे इमॅन्युएल कांट यांच्या १७९० च्या ग्रंथात आढळतात. सौंदर्याचा निर्णय हा उपयोग, लाभ वा मालकीची इच्छा यांपासून मुक्त असतो, ही त्यांची मांडणी पुढील सर्व स्वायत्ततावादी विचारांचा पाया ठरली. समीक्षेची प्रत्यक्ष परंपरा मात्र पॅरिसच्या सालोन प्रदर्शनांभोवती वाढली. दिदरो यांनी १७५९ पासून या प्रदर्शनांवर लेखन केले. बोदलेर यांनी १८४६ मध्ये समीक्षकाने तटस्थ न राहता पक्ष घ्यावा असा आग्रह धरला. १८३९ मध्ये छायाचित्रणाचे तंत्र जाहीर झाल्यानंतर हुबेहूब प्रतिमा हे चित्रकाराचेच कार्य उरले नाही. कोणतेही चित्र प्रथमतः रंगांनी विशिष्ट क्रमाने आच्छादलेला सपाट पृष्ठभाग असते, हे मोरिस देनी यांनी १८९० मध्ये मांडलेले सूत्र या बदलाचे द्योतक मानावे लागेल.

फ्राय आणि बेल : रूपवादाची मांडणी

नोव्हेंबर १९१० मध्ये रॉजर फ्राय यांनी लंडनच्या ग्राफ्टन गॅलरीत माने, सेझान, गोगॅं आणि व्हॅन गॉग यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरवले. प्रेक्षकांनी आणि वृत्तपत्रांनी त्याची मोठ्या प्रमाणावर खिल्ली उडवली. ही चित्रे अकुशल हातांची नाहीत, हे पटवून देण्याची जबाबदारी समीक्षकावर आली. रूपवादी सिद्धान्त याच निकडीतून आकाराला आला, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे.

फ्राय यांनी १९०९ च्या निबंधात व्यवहारजीवन आणि कल्पनाजीवन असा भेद केला होता. रानात चवताळलेला बैल समोर आला तर माणूस पळतो. त्या क्षणी बैलाकडे निरखून पाहण्यास त्याला सवड नसते. कल्पनाजीवनात पळण्याची निकड नसल्यामुळे पाहणे आणि अनुभवणे शक्य होते. कला ही या कल्पनाजीवनाची अभिव्यक्ती होय, असे त्यांचे प्रतिपादन होते.

क्लाइव्ह बेल यांनी १९१४ च्या 'आर्ट' या पुस्तकात हा विचार टोकाला नेला. सर्व दृश्यकलाकृतींचा समान गुण म्हणजे 'अर्थपूर्ण रूप', म्हणजेच विशिष्ट सौंदर्यभावना जागृत करणारी रेषा-रंगांची संघटना. फ्रिथ यांचे रेल्वे स्थानकावरील गर्दीचे सुप्रसिद्ध चित्र बेल यांच्या मते कलाकृती नव्हते. ते प्रसंगांची रंजक नोंद होते. उलट पर्शियन वाडगा, मेक्सिकन शिल्प आणि सेझानचे चित्र त्यांनी एकाच पंक्तीत बसवले.

या मांडणीचे सामर्थ्य आणि दोष दोन्ही येथेच दिसतात. युरोपाबाहेरील कलेला 'अप्रगत' ठरवणारी फूटपट्टी तिने बाजूला सारली. परंतु आफ्रिकी मुखवटा केवळ आकार म्हणून पाहिला की तो ज्या विधीसाठी घडवला गेला तो विधी आणि तो घडवणारा समाज दृष्टीआड होतो. शिवाय अर्थपूर्ण रूप म्हणजे सौंदर्यभावना जागवणारे रूप आणि सौंदर्यभावना म्हणजे अशा रूपाने जागणारी भावना, ही व्याख्या चक्राकार आहे. हा विचार पुढे नेल्यास गूढवादाच्या काठावर थांबावे लागते, हे फ्राय यांनीही १९२० मध्ये मान्य केले.

ग्रीनबर्ग : माध्यमशुद्धतेचा आग्रह

अमेरिकेत क्लेमेंट ग्रीनबर्ग यांनी रूपवादाला ऐतिहासिक अधिष्ठान दिले. १९३९ च्या निबंधात त्यांनी प्रयोगशील कला आणि बाजारू, पचायला सोपी कला यांचा विरोध मांडला. हुकूमशाही राजवटी या सोप्या कलेचा प्रचारासाठी वापर करीत असताना कलेची स्वायत्तता ही त्यांच्या दृष्टीने संस्कृतीच्या रक्षणाची बाब होती. प्रत्येक कलेने आपल्या माध्यमाला जे अनन्य आहे तेवढेच राखावे, आणि चित्रकलेबाबत ते म्हणजे सपाटपणा होय, हा सिद्धान्त त्यांच्या १९६० च्या निबंधात पूर्णत्वास गेला. हॅरल्ड रोझेनबर्ग यांनी मात्र १९५२ मध्येच त्याच अमेरिकन चित्रकारांकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले होते. कॅनव्हास हे त्यांच्या मते कृती घडण्याचे रिंगण होते. एकाच चित्रसमूहातून दोन समर्थ समीक्षकांना भिन्न आशय दिसला, ही बाब केवळ रूप पुरेसे नसल्याचेच सूचित करते.

रूपवादावरील आक्षेप

पहिला महत्त्वाचा आक्षेप मेयर शापिरो यांनी १९३७ मध्ये घेतला. एका शैलीचा कंटाळा आला म्हणून दुसरी येते, हे स्पष्टीकरण त्यांनी नाकारले. दृक्‌प्रत्ययवाद्यांच्या चित्रांतील नौकाविहार आणि हमरस्ते हे शहरी मध्यमवर्गाच्या फुरसतीच्या जीवनाशी निगडित आहेत, हे त्यांनी दाखवून दिले.

१९६४ मध्ये अँडी वॉरहॉल यांनी साबणाच्या खोक्यांसारखी दिसणारी खोकी न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शित केली. दुकानातील खोके आणि हे खोके यांतील फरक डोळ्यांना दिसत नसेल, तर एक कलाकृती का ठरते? कलेचा इतिहास आणि सिद्धान्त यांचे वातावरण त्यासाठी आवश्यक असते, असे आर्थर डान्टो यांनी त्याच वर्षी प्रतिपादन केले. १९७१ मध्ये लिंडा नॉक्लिन यांनी प्रश्न संस्थांकडे वळवला. विद्यार्थिनींना नग्न प्रतिमानावरून रेखाटनाची दीर्घकाळ मनाई असल्यामुळे सर्वोच्च मानला गेलेला ऐतिहासिक चित्रप्रकार त्यांना जवळजवळ बंदच होता. 'श्रेष्ठ रूप' निर्माण करण्याची संधी कोणाला मिळाली, हा प्रश्न रूपवादाने विचारलाच नव्हता.

मराठी सौंदर्यविचाराशी संबंध

मराठीत बा. सी. मर्ढेकर यांनी सौंदर्याचा शोध संवाद, विरोध आणि समतोल या लयींच्या आधारे घेतला. त्यांचा विचार बेल आणि फ्राय यांच्या स्वायत्ततावादाला जवळचा आहे. मात्र साहित्याचा विचार करताना त्यांना केवळ ध्वनिरूपावर थांबता आले नाही. 'भावनानिष्ठ समतानता' ही संकल्पना योजून त्यांना अर्थ आणि भावना यांना स्थान द्यावे लागले. रा. भा. पाटणकर यांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात कलेची संकल्पना द्विध्रुवात्मक असल्याचे मांडले. अलौकिकतावाद आणि लौकिकतावाद या दोन ध्रुवांपैकी कोणताही एक वगळल्यास कलाव्यवहाराचे आकलन अपुरे राहते, हा त्यांचा निष्कर्ष रूपवादाच्या संपूर्ण वादाला लागू पडतो.

निष्कर्ष

१. रूपवाद हा निव्वळ तात्त्विक सिद्धान्त नव्हता. नव्या, उपहासित कलेसाठी प्रेक्षक घडवण्याच्या गरजेतून तो जन्मला.

२. लक्षपूर्वक पाहण्याची शिस्त ही त्याची टिकाऊ देणगी आहे. चित्राची कथा सांगून मोकळे होणाऱ्या अध्यापनाला या शिस्तीची आजही गरज आहे.

३. रूप हे निर्णयाचे आवश्यक साधन असले तरी पुरेसे नाही. कलाकृती कोणी, कोणासाठी आणि कोणत्या परिस्थितीत घडवली, या प्रश्नांवाचून समीक्षा अपुरी राहते.

तात्पर्य, वर्गात चित्र दाखवताना 'हे काय आहे?' या प्रश्नाआधी 'येथे काय दिसते?' हा प्रश्न विचारणे रूपवादाने शिकवले. त्यानंतर 'हे असे का आहे?' हा प्रश्न विचारण्याची जबाबदारी त्याच्या टीकाकारांनी अध्यापकावर सोपवली आहे. या दोन्ही प्रश्नांना वेळ देणारे अध्यापनच विद्यार्थ्याला स्वतःचा निर्णय स्वतः घेण्यास समर्थ करू शकेल.