चालू बोअरची साक्ष

पाणी बिघडलं म्हणजे त्याचा रंग बदलला, असं पांडेसऱ्यात सहज मनात बसतं. सुरतमधला रंगाई-छपाईच्या मिलांचा हा भाग. जमिनीखालच्या पेट्रोल-डिझेलला ही कसोटी लागू पडत नाही. टाकीला किंवा पाइपाच्या सांध्याला बारीक गळती लागली की इंधन मातीतून झिरपतं आणि भूजलाच्या पातळीवर तरंगतं. त्यातलं बेन्झीन पाण्यात विरघळतं, पण पाणी नितळच दिसतं. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम आहे. नाकाला पाण्यातलं बेन्झीन कळायला साधारण 10 मिलिग्रॅम लागतं, म्हणजे त्याच्या हजारपट! कर्करोगाला कारण ठरणाऱ्या पदार्थाचा शोध डोळ्यांवर आणि नाकावर सोडता येत नाही.

मग चालू बोअरचं पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठवलं तर काय बिघडलं? बोअर खोल असते, तिच्यात अनेक थरांचं पाणी मिसळतं आणि वरच्या थरातलं विष विरळ होऊन जातं. अहवालात ‘आढळले नाही’ असं येतं, ते खरंही असतं. फक्त प्रश्न चुकीच्या थराला विचारलेला असतो. म्हणून तपासणीसाठी वेगळी विहीर घेतात आणि तिची जाळीदार नळी मुद्दाम पाण्याच्या पातळीला छेदून बसवतात. आधी तेल आणि पाणी वेगळं ओळखणारी फीत सोडून वर तवंग आहे का ते पाहतात. नळीत साचलेलं पाणी शिळं, हवेला लागलेलं. ते नमुना नव्हे. म्हणून मिनिटाला अर्ध्या लिटरहून कमी वेगानं उपसा करत पाण्याचा सामू, वाहकता, विरघळलेला प्राणवायू मोजत राहतात, आणि लागोपाठचे आकडे स्थिरावले की मगच 40 मिलीच्या काचेच्या कुप्या भरतात. कुपी काठोकाठ भरून, झाकून, उलटी करून टिचकी मारायची. बुडबुडा दिसला की ती बाद, कारण बेन्झीन त्या हवेत निसटतं. जंतूंनी ते खाऊ नये म्हणून कुपीत आधीच थोडं आम्ल असतं. पुढे बर्फ आणि 14 दिवसांची मुदत. ज्या हातमोज्यांनी जनरेटरमध्ये पेट्रोल ओतलं, त्याच हातमोज्यांनी कुपी धरली तर गळती नसतानाही ती सापडेल. ही काटेकोरी मला कर्मकांड वाटत नाही. तिच्याशिवाय निकालाला अर्थच उरत नाही.

जिथे सांडपाण्याचाच प्रश्न मोठा, तिथे हा खर्च कशाला, असा आक्षेप येईल. पण सांडपाण्याची वाट गटारातून, खाडीतून जाते, ती दिसते आणि अडवता येते. टाकीची गळती पायाखाली असते, आणि जळगाव-धुळ्याहून येऊन भाड्याच्या खोलीत राहिलेल्या कुटुंबाला शेजारच्या बोअरच्या पाण्यावर विश्वास ठेवण्यावाचून दुसरा उपाय नसतो. शिवाय गळतीची जागा नेमकी कळली तर ती बंद करता येते. एकाच नमुन्यावर मात्र थांबू नये. पावसाळ्यात भूजल वर चढलं की तवंग मातीच्या कणांत अडकून पाण्याखाली जातो आणि नळीतून नाहीसा होतो. भाद्रपदात फीत कोरी आली, तरी त्याच विहिरीत ती वैशाखात पुन्हा सोडायची.