काचपेटीतले पाणी आणि त्याची गाळणी

केशोरीच्या बाजूला ज्याने दोन-चार पावसाळे काढले आहेत, त्याला मासा काचेच्या पेटीत ठेवून पाहावा याचे नवलच वाटेल. इकडे नवेगावबांध, तिकडे इटियाडोहाचे धरण, आणि मधल्या मुलुखात गावोगाव मालगुजारी तलाव नि बोड्या. मासा पाहायचा तर धिवराच्या जाळ्यात पाहावा! पण तलावातला मासा आपल्याला फार तर पाठ दाखवतो. तो कल्ले कसे हलवतो, पर कसे फिरवतो, दुसऱ्या माशाला कसा हुसकावतो, हे काचेतूनच दिसते. मुलांना शिकवायला यासारखे साधन नाही, म्हणून घरच्या आणि शाळेच्या काचपेटीबद्दल आज बोलायचे आहे. त्यातही तिच्या गाळणीबद्दल, म्हणजे दुकानदार ज्याला फिल्टर म्हणतो त्याबद्दल.

प्रथम माझीच फजिती सांगतो. मी एका शाळेत शिकवीत असताना तेथे दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी पेटी होती. तळाला खडी, खडीखाली जाळीची जुनी गाळणी, आणि आठ मासे. पाणी जरा पिवळट दिसे. तपासणीसाठी साहेब यायचे होते, म्हणून मी हौसेने नवी, मोठी गाळणी आणली. एका रविवारी सगळे पाणी उपसले, खडी गरम पाण्याने खळखळून धुतली, जुनी गाळणी फेकून दिली आणि नवी लावली. सोमवारी पाणी आरशासारखे होते. गुरुवारी मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागले, आणि शनिवारपर्यंत आठांतले पाच गेले. एका मुलीने विचारले, “गुरुजी, पाणी तर पहिल्यापेक्षा साफ आहे, मग मासे का मेले?” मला उत्तर देता आले नाही.

ते उत्तर असे आहे. मासा जे खातो त्यातल्या प्रथिनांचा टाकाऊ भाग अमोनियाच्या रूपाने बाहेर पडतो, आणि तो बहुतेक कल्ल्यांवाटे पाण्यात जातो. उरलेले अन्न नि विष्ठा कुजली की आणखी अमोनिया होतो. तो पाण्यात विरघळलेला असतो, त्याला रंग नाही. म्हणजे पाणी नितळ असूनही विषारी असू शकते. आता हे विष काढते कोण? जाळी काढत नाही, स्पंजही काढत नाही. काढतात ते त्या स्पंजावर, खडीवर, काचेवर बुळबुळीत थर करून राहणारे सूक्ष्म जीवाणू. एक जात अमोनियाचे नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचे नायट्रेट करते. नायट्राइटही घातकच, ते माशाच्या रक्ताला प्राणवायू वाहू देत नाही. नायट्रेट त्या मानाने पुष्कळ सौम्य.

हे काम जिवंत जीवाणू करतात, हे विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने 1890 च्या सुमारास सिद्ध केले. पुढे 2015 साली असे कळले की दोन्ही पायऱ्या एकटीच पार करणारी एक जातही आहे. आणि गंमत पाहा, ती ज्या ठिकाणांहून मिळाली त्यांत मासे पाळण्याच्या टाक्यांची एक गाळणीही होती!

हे जीवाणू शेतकऱ्याच्या ओळखीचे आहेत, फक्त नावाने नव्हेत. शेतात घातलेल्या युरियाचे शेवटी नायट्रेट करतात ते हेच. धानाच्या बांधीत मात्र पाणी साचलेले, खाली चिखलात हवा नाही. तेथे नायट्रेटचा वायू होऊन तो उडून जातो, म्हणून धानाला नायट्रेटचे खत देत नाहीत. आपल्या तलावातही हेच चालते. वरच्या पाण्यात अमोनियाचे नायट्रेट होते, वनस्पती ते खातात, उरलेले तळच्या गाळात संपते. तलावाला गाळणी बसवावी लागत नाही, कारण सारा तलावच गाळणी आहे. काचपेटीत पाणी थोडे, मासे दाट आणि गाळ नाही. म्हणून ते काम आपल्याला एका मूठभर स्पंजाकडून करून घ्यावे लागते.

माझ्या रविवारच्या उद्योगात मी हे सगळे जीवाणू धुऊन टाकले होते. साधे कुजवणारे जीवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात. हे दुप्पट व्हायला एक दिवस आणि कधी त्याहून जास्त घेतात. नव्या गाळणीवर त्यांची वस्ती नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात.

तेव्हा गाळणी बदलायची असेल तर जुनी काढू नका. नवी तिच्या शेजारी लावा आणि दोन्ही सहा आठवडे चालू ठेवा. जुना स्पंज असेल तर तो पेटीतच, नव्या गाळणीच्या तोंडापाशी पिळा; गढूळ पाणी दिसेल, घाबरू नका, ते विरजण आहे. खडीची गाळणी असेल तर मूठभर खडी जाळीच्या कापडात बांधून नव्या डब्यात ठेवा, आणि बाकीची खडी एकदम न उपसता तिसरा-तिसरा हिस्सा करून काढा. या काळात चारा निम्मा करा. अमोनिया तपासण्याचे थेंब शोभेच्या माशांच्या दुकानात मिळतात, शाळेने ते जरूर ठेवावेत. अमोनिया दिसलाच तर चौथा हिस्सा पाणी बदलावे. नायट्राइट दिसल्यास दहा लिटरला एक ग्रॅम साधे मीठ घातले तर त्याचा मारा कमी होतो.

गाळणी केवढी असावी? एक घनफूट म्हणजे सुमारे 28 लिटर. आमची पेटी 56 लिटरची, खडी वजा जाता पन्नासच्या आत. तासाला चार वेळा सगळे पाणी गाळणीतून जावे असा हिशेब धरतात, म्हणजे 200 लिटरचा पंप पुरे. घरीही डबा करता येतो. प्लास्टिकच्या डब्याला भोके पाडून पाणी प्रथम जाड स्पंजातून, मग बारीक स्पंजातून, आणि शेवटी न रंगवलेल्या, चांगल्या भाजलेल्या कौलाच्या तुकड्यांतून जाईल असे करावे. कौलाच्या बारीक छिद्रांत जीवाणूंना भरपूर जागा मिळते. चुना लागलेले तुकडे नकोत. पुष्कळ जण चुलीतला कोळसा घालतात. त्याने अमोनिया अडत नाही. ती जागा कौलाला द्यावी हे बरे.

स्पंज धुवायचा तो पेटीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात, महिन्यातून एखादे वेळी, आणि दोन असतील तर एका वेळी एकच. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते, ती जीवाणूंना मारते आणि कल्ल्यांनाही जाळते. पेटीत घालायचे पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवावे. गाळणी कितीही मोठी आणली तरी नायट्रेट पेटीतच साठते, म्हणून आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी बदलणे चुकत नाही. काढलेले पाणी वांग्या-मिरच्यांना घाला.

आपल्याकडे दोन अडचणी विशेष. एक उन्हाळा. वीस अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशाला साडेसातच. आणि ऊन पाण्यात माशाला नि जीवाणूंना दोघांनाही तो जास्त लागतो. शिवाय अमोनियाचा विषारी भागही उष्णतेने वाढतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये गाळणीत बदल करू नये, मासे वाढवू नयेत, पेटी खिडकीच्या उन्हातून हलवावी.

दुसरी अडचण विजेची. हवेचा पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा; खाली ठेवलात तर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटे येऊन पंपात शिरते. तार सॉकेटला जोडण्याआधी थोडी खाली लोंबू द्या, म्हणजे ओघळ सॉकेटपर्यंत जात नाही. वीज बराच वेळ नसेल तर तांब्याने पाणी वर उचलून परत ओतत राहावे. मुले हे काम आनंदाने करतात. बंद डब्याची गाळणी पाच-सहा तास थांबली तर आतले जीवाणू गुदमरून मरू लागतात. वीज आल्यावर तशीच चालू केली तर ती घाण पेटीत येते. आधी डबा उघडून, पेटीच्या पाण्यात खळबळून मग लावावा. उघड्या स्पंजाला ही भीती कमी, म्हणून खेड्यात मी तोच सुचवीन.

आणि पेटी नकोशी झाली तर मासे बोडीत सोडू नका. दुकानातला काच चाटणारा काळा मासा देशातील अनेक जलाशयांत असाच पोहोचला आहे; त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि बाजारात त्याला कोणी विचारीत नाही. मासे दुकानदाराला किंवा दुसऱ्या शाळेला द्यावेत, सोबत जुना स्पंज ओल्या पिशवीत घालून द्यावा.