'असू दे'चे ओझे

प्रवासाला निघण्याच्या आदल्या रात्री मराठी घरात सर्वांत जास्त वेळा उच्चारला जाणारा शब्द कोणता? 'तिकीट' नव्हे, 'पैसे'ही नव्हेत. तो शब्द आहे 'असू दे'. थंडी नसेल, पण स्वेटर असू दे. पाऊस पडायचा नाही, तरी छत्री असू दे. कोणाकडे जायचा प्रसंग आलाच तर एक बरी साडी असू दे. वाटेत भूक लागली तर चिवडा असू दे, आणि चिवडा संपला तर लाडू असू देत! यातली एकेक वस्तू हलकीच असते. पण असे वीस-पंचवीस 'असू दे' एकावर एक बसले, की चेन लावण्यासाठी घरातल्या वजनदार माणसाला बॅगेवर बसावे लागते.

या सवयीला हसणे सोपे आहे. पण ती काही उगाच लागलेली नाही. दोन पिढ्यांपूर्वी प्रवास म्हणजे पत्र्याची ट्रंक, पट्टे आवळलेला होल्डॉल, फिरकीचा तांब्या आणि दशम्यांचा डबा. मुक्काम धर्मशाळेत, नाहीतर नातेवाइकांकडे. अंथरूण-पांघरूण मिळेल याची खात्री नाही, औषधाचे दुकान सापडेल याची तर मुळीच नाही. घरच बरोबर नेण्यावाचून गत्यंतर नव्हते. रेल्वेही या बाबतीत उदार आहे. स्लीपरच्या प्रवाशाला ४० किलो आणि वातानुकूलित पहिल्या वर्गाच्या प्रवाशाला तर ७० किलो सामान विनामूल्य नेता येते.

आता काळ बदलला. रेल्वेच्या वातानुकूलित डब्यात चादर-उशी मिळते, हॉटेलात साबण-टॉवेल मिळतो, औषधाचे दुकान जवळपास प्रत्येक गावात असते. कॅमेरा, गजराचे घड्याळ, विजेरी, वेळापत्रक आणि वाचायचे पुस्तक एवढे सगळे एका मोबाइलमध्ये मावले. सामान नेण्याची कारणे गेली, सामान मात्र राहिले.

त्यात चाकांनी भर घातली. अमेरिकेत बर्नार्ड सॅडो यांना चाकांच्या सुटकेसचे पेटंट मिळाले ते १९७२ साली. माणूस चंद्रावर जाऊन आला त्यानंतर! मग १९८७ मध्ये रॉबर्ट प्लॅथ या वैमानिकाने उभी ओढता येणारी, लांब दांड्याची बॅग बनवली. सोय झाली यात शंका नाही. पण हाताला वजन जाणवेनासे झाले, तसा त्या वजनाचा विचारही सुटला. तो पुन्हा आठवतो दादरच्या पुलाच्या पायऱ्यांशी, किंवा लिफ्ट नसलेल्या लॉजच्या तिसऱ्या मजल्यावर.

या सगळ्यावर विमान कंपन्यांचा एक रुक्ष नियम चांगला उतारा ठरू शकतो. आपल्याकडे देशांतर्गत प्रवासात साध्या वर्गाच्या प्रवाशाला केबिनमध्ये साधारणपणे ७ किलोची एकच बॅग नेता येते. अनेक कंपन्यांत तिची लांबी, रुंदी आणि उंची मिळून ११५ सेंटिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. वेगळी चेक-इन बॅग बहुतेक तिकिटांत मिळते, हे खरे. पण ती घ्यायलाच हवी असे थोडेच आहे? ती नसली तर उतरल्यावर पट्ट्याशी ताटकळणे नाही आणि बॅग दुसऱ्याच गावी गेल्याची धास्ती नाही.

सात किलोंत भागते का? उदाहरणच घेऊ. चौघांचे कुटुंब सहा दिवसांसाठी केरळला निघाले आहे. कोचीला उकाडा आणि मुन्नारला गारठा, म्हणजे दोन्ही तऱ्हांची तयारी हवी. पहिला हिशेब खुद्द बॅगेचा. चाकांची टणक बॅग रिकामीच अडीच-तीन किलो भरते. म्हणजे जवळजवळ निम्मा कोटा बॅगेनेच खाल्ला. साधी कापडी पाठपिशवी किलोभरात बसते.

मग कपडे. अंगावरचा एक जोड सोडून आणखी तीन पुरतात. रंग असे निवडावेत की कोणताही सदरा कोणत्याही पँटवर, कोणतीही ओढणी कोणत्याही कुर्त्यावर चालेल. जीन्स, बूट आणि स्वेटर ही जड मंडळी बॅगेत न घालता अंगावर घालावीत. विमानात गारवा असतोच. एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ कपडे एकावर एक घालणे चांगले, कारण कोचीला त्यांतला एक उतरवता येतो. टर्किश टॉवेल घरी ठेवून पंचा घ्यावा. तो निम्म्याहून हलका आणि रात्रीत वाळणारा. धुतलेला कपडा कोरड्या पंचात गुंडाळून पिळला तर सकाळपर्यंत बहुधा वाळतो.

औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हाताशी हवीत. पॉवर बँक तर चेक-इन सामानात चालतच नाही, ती केबिनमध्येच न्यावी लागते. उलट कात्री, सुरी आणि आजोबांचा अडकित्ता केबिनमध्ये जाणार नाही. परदेशी निघाला असाल तर २००६ साली ब्रिटनमध्ये द्रव स्फोटकांचा कट उघडकीला आल्यापासूनचा नियम ध्यानात ठेवा. तेल, शांपू, टूथपेस्ट यांच्या बाटल्या-नळ्या अजूनही बहुतेक ठिकाणी १०० मिलिलिटरपर्यंतच्याच लागतात. लोणच्याची बरणीही त्यातच आली!

पण खरा प्रश्न किलोंचा नाही. ही बॅग भरतो कोण, हा आहे. बहुतेक घरांत चौघांचे सामान एकटी आई भरते. त्यामुळे सहलीत कोणतीही वस्तू कुठे आहे हे तिलाच ठाऊक असते. "आई, माझे मोजे?" "अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास?" आई म्हणजे बॅगांचा चालता-बोलता नकाशा. सगळ्यांची सुटी सुरू होते, तिची नोकरी तेवढी गाव बदलते. आणि राहिलेल्या प्रत्येक वस्तूचा दोष तिच्याच माथी येत असल्यामुळे तिच्या तोंडी 'असू दे' येते. त्या अवाढव्य बॅगेत कपड्यांपेक्षा तिची काळजीच जास्त भरलेली असते.

म्हणून माणशी एक बॅग, आणि ज्याची त्याने भरायची, हा नियम घरात लावून पाहावा. बारा वर्षांच्या मुलाला आपले कपडे मोजता येतात. बाबांना आपला दाढीचा डबा सापडतो. आजोबा आपल्या गोळ्या स्वतः मोजून घेतात, आणि त्यांना ते आवडतेही. मुलगा एखादी वस्तू विसरला तर विसरू द्यावा. पुढच्या वेळी तो विसरणार नाही.

अर्थात नियमाचा सोवळेपणा नको. तान्हे मूल बरोबर असेल, लग्नाला निघाला असाल किंवा आजीचे गुडघे दुखत असतील, तर एखादी बॅग खुशाल चेक-इन करावी. आणि निघताना प्रत्येकाने आपली पिशवी पाऊणच भरावी. येताना मुन्नारचे वेलदोडे आणायचे असतात. सुदैवाने ते वजनाला हलके असतात.

एवढे करूनही काहीतरी घरी राहणारच. गाडी कोपऱ्यावर वळताच कोणाला तरी ते आठवेल. अशा वेळी मागे न फिरता तोच जुना शब्द वापरावा, फक्त त्याचा दुसरा अर्थ घेऊन. राहिले? असू दे!