मामूंची भट्टी आणि चिमूटभर मैदा

एव्हरशाईन सिटीत पहाटे खिडकीतून पावाचा वास आला, की मी डोंगरीतल्या माझ्या मामूंच्या बेकरीत जाऊन पोहोचतो. कवीनं भट्टीवर कशाला बोलायचं, असं आकाशवाणीच्या मंडळींनी विचारलं नाही, हे त्यांचे उपकार!

मामूंकडे तापमापक नव्हता. लाकडं जळली, निखारे बाजूला सारले, की ते भट्टीच्या फरशीवर चिमूटभर मैदा टाकत. मैदा झटकन काळा पडला तर म्हणत, "ठहर बेटा, अजून रागात आहे." हळूहळू बदामी झाला, की लादी आत जाई.

पावाला उष्णता तीन वाटांनी मिळते. तळाला तापल्या विटेतून, ते वहन. भोवती फिरणाऱ्या गरम हवेतून, ते अभिसरण. आणि कमानदार छतातून, उन्हासारखी थेट, ते प्रारण. या तिसऱ्याचं गणित जगावेगळं आहे. 27 अंश सेल्सिअसची वीट 327 अंशांवर नेली, तर शास्त्रज्ञांच्या निरपेक्ष मापानं तापमान फक्त दुप्पट होतं. पण तिच्यातून निघणारं प्रारण होतं सोळापट! हा नियम योझेफ स्टेफान यांनी 1879 मध्ये मांडला. त्यामुळे छताचा एखादा भाग थोडा जास्त तापला, तरी त्याखालचा पाव करपतो. निखारे सारून वाट पाहायची ती एवढ्यासाठी, की जास्त तापलेल्या विटांची उष्णता बाकीच्या विटांत पसरावी.

9 जानेवारी 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयानं शहरातल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर आणायला सांगितलं. मामेभावानं गॅसची भट्टी घेतली. धुराची बाजू मी घेणार नाही; मामू जन्मभर खोकत होते. पण पहिल्या आठवड्यात लादी एकीकडे करपलेली, दुसरीकडे पांढरीफटक. मीटर मात्र 250 वर ठाम. मीटर खोटं बोलत नव्हतं. त्याची तार मागच्या कोपऱ्यात होती, आणि ते त्या कोपऱ्यापुरतं खरं होतं. पोलादाला पाणी देणाऱ्या कारखान्यांतही हीच अडचण येते. भट्टीचा आकडा गाठला तरी जाड तुकड्याचा गाभा मागेच असतो, म्हणून जाडी पाहून तो आणखी वेळ आत ठेवतात.

मामेभावानं आच कमी केली, भट्टी जास्त वेळ आधी तापवली, ट्रे मध्येच फिरवायला सुरुवात केली. मी गेलो तेव्हा तो मीटरकडे पाठ करून फरशीवर मैदा टाकत होता. तोवर दोन हॉटेलवाले दुसरीकडून पाव घेऊ लागले होते. त्यातला एक परत आला.