बीज : एक शब्द, अनेक अर्थ

'बीज' हा संस्कृत शब्द मराठीत गणितापासून अर्थकारणापर्यंत सर्वत्र रुजला आहे. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी आपल्या ग्रंथाला 'बीजगणित' हे नाव दिले; नव्या उद्योगाच्या आरंभीच्या निधीस आज 'बीजभांडवल' म्हणतात. ज्यातून पुढील विस्तार संभवतो ते बीज, हा या प्रयोगांतील समान आशय होय. शेतीच्या क्षेत्रात मात्र या शब्दाच्या नेमक्या अर्थावर शेतकऱ्याचे हक्क अवलंबून असतात.

वनस्पतिशास्त्रानुसार फलनानंतर परिपक्व झालेले बीजांड म्हणजे बी. या व्याख्येने गव्हाचा दाणा हे वस्तुतः फळ ठरते आणि बटाट्याचा कंद बी ठरत नाही. कायद्याची दृष्टी वेगळी आहे. बियाणे अधिनियम, १९६६ ने पेरणी वा लागवडीचा हेतू हा निकष मानला. त्यामुळे अन्नपिकांची रोपे, कंद, छाटे व कलमे यांचाही 'बियाणे' या संज्ञेत समावेश होतो. उलट, तेलगिरणीत जाणारे सोयाबीन धान्य असते. तेच पेरणीसाठी विकले गेले की बियाणे ठरते.

बियाण्याची साखळी पैदासकार, पायाभूत व प्रमाणित अशा तीन टप्प्यांची असते. त्यांच्या खूणचिठ्ठ्या अनुक्रमे सोनेरी पिवळ्या, पांढऱ्या व निळ्या रंगाच्या असतात. १९६६ च्या अधिनियमानुसार प्रमाणीकरण ऐच्छिक आहे. परंतु अधिसूचित वाणांच्या विक्रीसाठी उगवणक्षमता व शुद्धता दर्शविणारी चिठ्ठी अनिवार्य आहे. प्रमाणित बियाण्यासाठी किमान उगवणक्षमता गव्हास ८५ टक्के, तर सोयाबीनला ७० टक्के निश्चित केलेली आहे. बी उगवले नाही, तर खर्चाबरोबर पेरणीचा हंगामही वाया जातो. म्हणून या आकड्यांचे महत्त्व.

वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ ने या शब्दाला हक्काचे परिमाण दिले. कलम ३९ नुसार संरक्षित वाणाचे बियाणेही शेतकरी राखून ठेवू, पुन्हा पेरू, परस्परांत वाटू वा विकू शकतो. मात्र संरक्षित वाणाची खूणचिठ्ठी लावून, वेष्टनबंद स्वरूपात ते त्याला विकता येत नाही. अशा वाणाकडून अपेक्षित कामगिरी पैदासकाराने शेतकऱ्यास सांगणे आवश्यक असून, ती न साधल्यास भरपाईचा दावा करता येतो.

थोडक्यात, शास्त्र बीजाची रचना पाहते, १९६६ चा कायदा त्याचा वापर व गुणवत्ता पाहतो, तर २००१ चा कायदा ते पेरणाऱ्याचा हक्क जपतो. हा भेद ध्यानी घेतल्यास बियाणेविषयक धोरणाचा अभ्यास सुकर होईल.