संथ चालीची झीज

चोरखमारा फाटकातून भल्या पहाटे आत गेलेली जिप्सी दुपारच्या आत बाहेर येते. एवढ्या वेळात तिचा काटा ताशी वीसच्या पुढे सहसा सरकलेला नसतो. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात सफारीची चालच तशी, सावकाश. आठवड्याची सुटी सोडली तर सकाळ-दुपार दोन फेऱ्या, आणि हा क्रम हंगामभर. इतक्या हळू चालणाऱ्या गाडीला खरे तर काही व्हायला नको. पण गोंदिया, तिरोडा, साकोलीकडच्या गॅरेजांत ह्याच गाड्या उभ्या दिसतात. एकीचा पाटा तुटलेला असतो, दुसरीचे बुश गेलेले असतात, तिसरीचे स्टेअरिंग थरथरत असते. महामार्गावर रोज ऐंशीने धावणाऱ्या गाडीला जे होत नाही ते जंगलात विसाने चालणाऱ्या गाडीला का व्हावे? ह्या कोड्याचा मी जितका पाठपुरावा करतो तितका अचंबा वाढत जातो.

आधी गाडी पाहू. मारुतीने जिप्सी भारतात आणली ती 1985 च्या डिसेंबरात. मूळची ती सुझुकीची एसजे. 1996 मध्ये तिला 1.3 लिटरचे इंजिन मिळाले. सफारीसाठी तिचे कापडी छप्पर उतरवतात, मागे उंच बाक बसवतात, धरायला पाइप जोडतात. सहा पर्यटक, गाइड आणि चालक बसले की साधारण एक टनाच्या गाडीवर तिच्या निम्म्याने भार चढतो, तोही उंचावर. छप्पर काढूनही गाडी खिळखिळी होत नाही, कारण तिची ताकद पत्र्यात नाहीच. ती खालच्या शिडीसारख्या पोलादी चासीत आहे. बॉडी त्या चासीवर रबराच्या गाद्या घालून नुसती बोल्टने आवळलेली असते.

ह्या गाडीतली मला सर्वांत विलक्षण वाटणारी वस्तू म्हणजे तिचा ट्रान्सफर केस. गिअरबॉक्सपासून वेगळा, मधे छोटा शाफ्ट घालून बसवलेला. लो रेंजमध्ये टाकून पहिला गिअर घातला की इंजिनच्या साधारण बत्तीस फेऱ्यांना चाकाची एक फेरी पडते. अॅक्सिलरेटरवर पाय न ठेवता, नुसत्या आयडलवर गाडी चालते ती ताशी जेमतेम तीन किलोमीटरने, म्हणजे माणूस रमतगमत चालतो त्याहूनही हळू. नाल्याच्या उतारावर ब्रेकला हात न लावता इंजिनच गाडीला धरून ठेवते. मात्र ह्या यंत्रणेत पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या दरम्यान डिफरन्शियल नाही. वळणावर पुढची चाके जास्त अंतर कापतात. मुरमावर ती थोडी घसरून हिशेब जुळवून घेतात, पण डांबरावर घसरायला वाव नसतो आणि सगळा ताण शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसवर जातो. म्हणून फाटकाबाहेरच्या पक्क्या रस्त्याला लागण्याआधी फोर-व्हील काढायचे, हे जाणता चालक कधी विसरत नाही.

आता रस्ता. मुरमाच्या रस्त्यावर आडव्या वळ्या उठतात, अगदी पन्हाळी पत्र्यासारख्या. त्या कोणी पाडत नाही, चाकेच पाडतात. टोरंटोच्या स्टीफन मॉरिस यांनी सहकाऱ्यांसह फिरत्या तबकडीवर वाळू पसरून तिच्यावरून एक चाक चालवून पाहिले आणि 2007 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. चाकाला स्प्रिंग नसली तरी वळ्या उठल्या. एका ठराविक वेगाच्या खाली मात्र वाळू सपाटच राहिली. हा उंबरठ्याचा वेग इतका कमी की सफारीची गाडीही तो सहज ओलांडते.

आता हिशेब करा. वळ्या अर्ध्या मीटरच्या अंतराने असतील तर ताशी विसाच्या वेगात चाकाला सेकंदाला अकरा दणके बसतात. जड एक्सल स्वतःहून ज्या लयीत उसळतो ती लयही साधारण ह्याच पट्ट्यात येते. म्हणजे चालक ज्याला सावकाश म्हणतो नेमका तोच वेग एक्सलला नाचवतो. फेरीभर हे हजारो वेळा घडते. ह्यात एकही नट ढिला झाला नाही तर आश्चर्य!

हे दणके झेलायचे कोणी? पाट्यांनी. जिप्सीला चारही चाकांवर कमानदार पाट्यांचे जुडगे आहे. जुडगे वाकते तेव्हा पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणात उसळी जिरते. पण ह्याच घर्षणाची दुसरी बाजू अशी की दणका लहान असेल तर पाटे सरकतच नाहीत. जुडगे घट्ट राहते आणि कंप थेट शॅकलच्या बुशांत, तिथून चासीत जातो. पाट्यांत धूळ आणि गंज बसला की ही घट्टपणाची हद्द आणखी वाढते. जुडगे बांधून ठेवणारे यू-बोल्ट ढिले पडले तर मधल्या सेंटर बोल्टच्या भोकाशी पाटा वाकायला लागतो आणि भोकामुळे आधीच अशक्त असलेली ती जागा तडकते. पाटा नेमका भोकाशी का तुटतो, ह्याचे उत्तर बहुधा कित्येक दिवसांपूर्वी पाना न लागलेल्या त्या नटांत असते.

पुढच्या चाकांची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे वळणारा सांधा एका पोलादी गोळ्यात बंद असतो आणि गोळ्याभोवती धूळ पुसायला नमद्याची पट्टी असते. तिच्यात क्वार्ट्झचे कण रुतले की पुसणारी पट्टीच गोळ्याला ओरखडे पाडू लागते, आतले ग्रीस बाहेर येते आणि वरखालचे किंगपिन बेअरिंग झिजतात. मग फाटकाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर वेग वाढला की स्टेअरिंग दोन्ही हातांत थडथडते.

धुळीचा धाक इंजिनालाही आहे. क्वार्ट्झची कठीणता मोह्झ मापावर 7, आणि सिलिंडरच्या आतली बिडाची भिंत त्याहून मऊ. मिनिटाला शेकडो लिटर हवा ओढणाऱ्या इंजिनाला वाचवतो तो घडीघडीचा कागदी फिल्टर. तो थोडा मळला की नव्यापेक्षा चांगले गाळतो, कारण अडकलेली धूळच पुढच्या बारीक धुळीला अडवते. तेव्हा उठसूट उघडून फुंकणे घातक. फुंकायचाच तर हवा बेताच्या दाबाने आतून बाहेर द्यावी, नाहीतर कण कागदात खोल जातात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पुढच्या गाडीच्या लोटात न चालणे.

मे महिन्यात इथे पारा पंचेचाळिशीला टेकतो. संथ गाडीला समोरचा वारा मिळत नाही, रेडिएटरच्या पापुद्र्यांत गवताची कुसळे अडकतात. सांबराचा किंवा माकडाचा इशारा ऐकायला इंजिन बंद करावे लागते आणि पुन्हा चालू करावे लागते. आयडलवर अल्टरनेटर पुरता भरत नाही, त्यामुळे बॅटरी नेहमी थोडी उपाशीच असते.

पावसाळ्यात सफारी थांबते, आणि उभ्या गाडीचा त्रास तेव्हा सुरू होतो. ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात, उंदीर वायरिंग कुरतडतात. हंगामाआधी मिस्त्री गाडी उचलून प्रत्येक क्रॉसला ग्रीसगन लावतो आणि जुने, काळे ग्रीस बाहेर येऊन नवे दिसेपर्यंत दाबत राहतो. बाहेर आलेले ग्रीस तो बोटांत चोळून पाहतो. किरकिर लागली तर आत वाळू, चकाकी दिसली तर आतल्या सुया झिजून पोलाद उतरलेले.

सामान्य ग्राहकांसाठी जिप्सीचे उत्पादन 2018-19 च्या सुमारास थांबले, त्यामुळे आता पाटा बदलतानाही विचार करावा लागतो. बसक्या जुडग्यात एकच नवा पाटा घातला तर त्याची कमान जास्त असल्याने भार आधी त्याच्यावर येतो आणि तोच पुन्हा तुटतो. म्हणून चांगला मिस्त्री तुटक्याच्या जागी सारख्याच बसलेला जुना पाटा शोधतो, आणि तो मिळेना तर दोन्ही बाजूंची जुडगी एकदमच बदलायला सांगतो.